गाभण गाईचा खुराक विचारता, मग लेकीच्या ताटाचे काय?



कृषी खात्यात नोकरीला लागून मला तीस वर्षे होत आली. या काळात खते, बियाणे, कीड आणि पाणी या विषयांवर तुमच्याशी पुष्कळ बोललो. आज मात्र वेगळ्या विषयावर बोलणार आहे. त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. शिवारफेरी आटोपून एका आबांच्या ओसरीवर टेकलो होतो. त्यांची संकरित गाय सात महिन्यांची गाभण होती. आबांनी विचारले, "साहेब, गाईला आता काय चारू? वासरू दणकट झालं पाहिजे." मी वही काढली आणि सगळे लिहून दिले. दोन महिने आधी गाय आटवा, रोज किलो-दीड किलो आंबोण जादा द्या, खनिज मिश्रण विसरू नका, लांब चरायला हाकू नका.

त्याच वेळी आबांची सून विहिरीवरून पाणी घेऊन आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. तिलाही सातवा महिना होता. पाणी उतरवून तिने आमच्यासाठी चहा ठेवला. चहात दूध बेताचेच होते, कारण सकाळचे सगळे दूध डेअरीवर गेले होते. तिच्या ताटात काय पडते हे आबांनी विचारले नाही. जनावरांच्या पोषणाची परीक्षा देऊन पदवी घेतलेल्या मीही विचारले नाही.

पुढे गाय व्याली, कालवड छान निपजली. सूनबाईला मुलगी झाली, वजन सव्वादोन किलो. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे समजतात. ते वजन ऐकले तेव्हा मला माझी वही आठवली आणि लाज वाटली.

पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास

मुलांची वाढ नेमकी कोठे अडते, याचा मोठा शोध आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारख्याच शेतकरी घरांत झाला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत हे काम सुरू केले. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांचाही त्यात वाटा होता. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद दिवस जाण्याच्या आधीच करून ठेवली. त्यांपैकी सुमारे आठशे जणींचा गरोदरपणात अभ्यास झाला. ती काय खाते, किती काम करते, तिच्या रक्तात काय आहे, हे सारे टिपले. बाळ जन्मले की बहात्तर तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर आणि कातडीखालची चरबी मोजली.

या आयांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते आणि उंची जेमतेम पाच फूट. बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावी जन्मलेल्या बाळांशी त्यांची तुलना केली. तिकडची बाळे साडेतीन किलोची होती. आपली बाळे हातापायाने बारीक, पोटाने लहान, स्नायू कमी. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेले हे बाळ.

कांदा लावणाऱ्याला हे लवकर समजेल. गादीवाफ्यावर रोप उपाशी राहिले आणि लागवडीनंतर उशिरा युरियाचा मारा केला, तर पात माजते, मान जाड होते, पण कांदा पोसत नाही. वाफ्यावर जी संधी गेली ती शेतात भरून निघत नाही. बाळाचा गादीवाफा म्हणजे आईचे पोट.

कशाने फरक पडला?

आपल्याला वाटते, भाकरी जास्त खाल्ली की बाळ मोठे होते. या अभ्यासात नुसत्या भाकरी-भाताच्या प्रमाणाशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळांशी. ज्या स्त्रियांच्या खाण्यात या तीन गोष्टी वरचेवर होत्या, त्यांची बाळे जास्त भरली.

दुसरी गोष्ट कष्टाची. गरोदरपणाच्या पहिल्या आणि मधल्या महिन्यांत ज्यांना शेतातले आणि घरातले अंगमेहनतीचे काम जास्त होते, त्यांच्या बाळांचे वजन थोडे कमी भरले. गाभण गाईला आपण नांगराला जुंपत नाही. सुनेच्या डोक्यावरचा हंडा मात्र सातव्या महिन्यातही उतरत नाही.

तिसरी गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची. दर तीन मातांपैकी दोघींच्या रक्तात ते कमी निघाले. हे जीवनसत्त्व धान्यात, कडधान्यात किंवा भाजीत नसते. ते जिवाणू तयार करतात. आपल्या गाई-म्हशींच्या कोठीपोटात हे जिवाणू असतात आणि चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते ब-१२ बनवतात. तेथून ते दुधात आणि मांसात उतरते. म्हणून माणसाला ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. आता विचार करा. ब-१२ तयार करणारे जनावर आपल्या गोठ्यात उभे आहे. आपण त्याचे दूध कॅनमध्ये भरून पाठवतो आणि घरची लेकसून कोऱ्या चहाबरोबर शिळी भाकरी खाते.

बारीक आहे, तरी साखर!

संशोधकांनी त्या बाळांची पाठ सोडली नाही. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासले. अठराव्या वर्षी ६१९ जणांची तपासणी झाली. जवळजवळ निम्मी मुले-मुली वजनाने कमी होती. तरीही शंभरात ३७ मुलांची आणि १८ मुलींची रक्तातील साखर प्रमाणाबाहेर निघाली. बहुतेक जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्यातल्या अनेकांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. "मधुमेह हा शहरातल्या जाड्या माणसांचा रोग" असे आपण म्हणत आलो. शेतकऱ्याच्या हडकुळ्या पोरालाही तो होऊ शकतो, हे या सहा गावांनी दाखवून दिले.

याचे कारण पुन्हा गादीवाफ्यावरच आहे. पोटात असताना ओढाताण झालेल्या बाळाचे शरीर मेंदू वाचवते आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करते. पुढे खाणे वाढले, गोड-तेलकट आले, कष्ट आणि खेळ कमी झाले, की ते छोटे स्वादुपिंड पुरे पडत नाही.

मग सुरुवात केव्हा करायची?

याचे उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सापडते. २००६ ते २०१२ या काळात तेथील हजारो स्त्रियांची नोंद करून, त्यांपैकी निम्म्यांना पालेभाजी, दूध आणि फळे घालून केलेला खाऊ रोज दिला. दिवस जाण्याच्या आधीपासून. सगळ्या जणींचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात वाढ दिसली नाही. पण ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भरली. गरोदरपणातला मधुमेहही खाऊ घेणाऱ्यांत कमी आढळला. मात्र ज्या बायका मुळातच फार हडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांच्या वजनात फायदा दिसला नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने करून भागत नाही. पोटात अंकुर धरण्याआधी शरीर तयार असले पाहिजे आणि ते तयार होते मुलीच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून. मुली मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी उंच होऊ लागतात. त्याच सुमारास पाळी सुरू होते, रक्त जाते. नेमक्या याच वयात आपल्या घरात तिचे ताट सर्वांत शेवटी वाढले जाते.

म्हणूनच पुण्याच्या संशोधकांनी २०१२ साली त्याच सहा गावांतल्या, आता वयात आलेल्या साडेपाचशेहून अधिक मुला-मुलींना पोषक गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू केला. ज्या मुलींना रोज ब-१२ मिळाले, त्यांना पुढे झालेली मुले दोन वर्षांची असताना तपासली. समज आणि बोलणे यांत ती नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या मुलींच्या मुलांपेक्षा सरस ठरली. नातवंडाची हुशारी लेकीच्या ताटात असते, असे म्हणायला आता आधार आहे.

आपल्या घरी काय करता येईल?

पहिले दुधाचे. कॅन भरण्याआधी घरातल्या वाढत्या मुला-मुलींसाठी आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या सुनेसाठी दूध बाजूला काढा. माणशी एक-दोन पेले दूध, किंवा त्याचे दही. ज्या घरी चालते तेथे अंडे द्या.

दुसरे परसबागेचे. न्हाणीच्या पाण्यावर शेवगा आणि केळ लावा. चांगल्या पाण्यावर मेथी, पालक, राजगिरा, चवळई यांचे छोटे वाफे आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे भाजी मोडत नाही. पेरू-लिंबाचे एखादे झाड असू द्या. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते.

तिसरे गोळ्यांचे. शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी आठवड्याची निळी गोळी, आणि गरोदरपणातली लाल गोळी, लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची असते. ती बंद करू नका. रक्तक्षय आणि बाळाच्या पाठीच्या कण्यातले दोष टाळण्यासाठी ती लागते. पण तिच्यात ब-१२ नसते, म्हणून जोडीला दूध-दही हवेच. ब-१२ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

चौथे कामाचे. सूनबाईला दिवस राहिले की हंडे आणि शेणखताच्या पाट्या पुरुषांनी उचलाव्यात.

पाचवे वयाचे. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न नको. हा कायदा तर आहेच, पण जिची स्वतःची हाडे अजून वाढताहेत, तिच्या पोटात दुसरा जीव वाढवणे म्हणजे एकाच वाफ्यात दोन पिके घेणे.

सहावे बारीक जन्मलेल्या मुलांचे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर जोडीला वरचे सकस अन्न, दर महिन्याला अंगणवाडीत वजन. मात्र मोठेपणी त्याला बिस्किटांच्या पुड्यांनी आणि गोड पेयांनी "भरून काढू" नका. मैदानावर खेळू द्या. घरात मधुमेह असेल तर बारीक असला तरी मोठ्या मुलाची साखर तपासून घ्या.

काही घरांत म्हाताऱ्या माणसांना भीती असते की, सून जास्त जेवली तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल. सासूबाईंनो, तुमची काळजी मायेपोटी आहे. पण सकस खाण्याने वाढते ती ताकद. बाळंतपणाची काळजी दवाखान्यात नाव नोंदवून आणि वेळच्या वेळी तपासणी करून घ्यावी. उपाशी ठेवून नव्हे.

आबांच्या घरी गेल्या दिवाळीत गेलो होतो. तेव्हाची सव्वादोन किलोची मुलगी आता आठवीत आहे. अंगाने लहानखुरी, पण चुणचुणीत. या वेळी मी गाईचे काही बोललो नाही. तिच्या ताटाचे विचारले आणि वहीचे पान फाडून वरच्या सहा गोष्टी लिहून दिल्या. आबा गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे तवाच सांगायचं होतंत." खरे आहे. म्हणून आज तुम्हा सर्वांना सांगतो आहे.

परवा त्या रस्त्याने जाताना पुन्हा डोकावलो. धार काढून झाली होती. ती मुलगी लोटा घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती आणि आबा आधी तिचा लोटा भरत होते, मग कॅन.