जुनी मोटारसायकल भंगारात देण्यापूर्वी

भातकापणी उरकली, रस्त्यांवरचा चिखल वाळला की शहापूर-मुरबाड भागातील गावागावांत एक दृश्य हमखास दिसते. पावसाळाभर पडवीत प्लास्टिकच्या कागदाखाली उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढली जाते. घरचा तरुण किक मारू लागतो. दहा किका, वीस किका. शर्ट घामाने भिजतो, पण गाडी काही चालू होत नाही. शेजारी जमतात. कोणी प्लग पुसायला सांगतो, कोणी उतारावर ढकलायला सांगतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतोच, "म्हातारी झाली ही आता. भंगारवाल्याला देऊन टाक."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या भागात गाडी ही चैनीची वस्तू नाही. डोळखांब, किन्हवलीकडच्या माणसाला पहाटे आसनगाव स्टेशन गाठून लोकल पकडायची असते. मुरबाड तालुक्यात तर रेल्वे अजून पोहोचलेलीच नाही. टोकावडे, धसई, सरळगावच्या माणसाने कल्याणला जायचे तर एसटी, जीप नाहीतर स्वतःची गाडी. लोकल चुकली की खाडा, आणि खाडा पडला की त्या दिवसाची रोजी बुडाली. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले तर दवाखान्यात नेणारी तीच गाडी. म्हणून ती का बंद पडते, हे घरातल्या दोघा-तिघांना तरी कळायला हवे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी हप्त्याहप्त्याने घेतलेली १०० सीसीची गाडी त्यांच्यामागे आमच्याकडे राहिली. एका पावसाळ्यानंतर ती बिघडली. एका गॅरेजात नेली, तर "इंजिन खोलावे लागेल" असे सांगून महिन्याच्या किराण्याहून मोठा आकडा ऐकवला. तसाच परत आलो. वडिलांचे एक जुने स्नेही पूर्वी मेकॅनिकचे काम करीत. त्यांनी एवढेच विचारले, "चोक ओढल्यावर चालू होते का?" म्हटले, होते, पण चोक सोडला की बंद पडते. ते हसले. "मग इंजिनाला काय धाड भरली आहे? स्लो जेट तुंबला असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याच अंगणात बसून आमच्याच हातांनी कार्बोरेटर खोलवून घेतला. त्या दिवशी जे शिकलो ते येथे देत आहे.

कार्बोरेटर करतो काय?

पेट्रोल पातळ असताना नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार हवेत मिसळावे लागतात. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा हवी. हे माप राखणारे यंत्र म्हणजे कार्बोरेटर. १८९३ साली हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी तुषार उडवणाऱ्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनीही तसाच कार्बोरेटर बनवला.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. काळू नदीचे पाणी दोन खडकांच्या अरुंद फटीतून जाताना कसे वेग घेते ते आपण पाहतो. हवेचेही तसेच. कार्बोरेटरच्या मधल्या चिंचोळ्या भागात हवेचा वेग वाढतो आणि तेथील दाब कमी होतो. त्यामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या भोकातून वर खेचले जाते. वाटीत फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसे भरले की तो वर येतो आणि सुईने वाट बंद करतो, आपल्याकडच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. गाडी जागेवर उभी असताना स्लो जेट काम करतो, रेस वाढवली की मेन जेट. स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. तेथे चिमूटभरसुद्धा कचरा लागत नाही, एक कण पुरतो.

खोलण्याआधी

गाडी बंद पडली की लगेच कार्बोरेटर खोलायला बसू नये. आधी प्लगची ठिणगी पाहावी. मग टाकीच्या झाकणाचे हवेचे बारीक छिद्र आणि कार्बोरेटरच्या रबरी नळ्या पाहाव्यात. पावसाळ्यात कुंभारमाशी तेथे मातीचे घर करते. छिद्र बुजले असेल तर गाडी चालू होऊन थोड्या अंतरावर बंद पडते, आणि झाकण उघडले की पुन्हा चालते. त्यानंतर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. बाटलीच्या तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे. कॉक चालू असूनही काहीच येत नसेल तर कॉक तुंबला आहे किंवा फ्लोटची सुई चिकटली आहे.

खूणगाठ अशी बांधावी: जागेवर बंद पडते, पण चोकवर चालते, तर स्लो जेट. जागेवर ठीक, पण चढावर दम तोडते, तर मेन जेट किंवा अपुरे येणारे पेट्रोल. खालच्या नळीतून पेट्रोल गळते, तर फ्लोट किंवा त्याची सुई. धूर काळा आणि प्लगही काळा, तर पेट्रोल जास्त जाते आहे. अशा वेळी आधी एअर फिल्टर आणि चोक तपासावा. आपल्याकडे वीटभट्ट्यांची आणि मुरमाच्या रस्त्यांची धूळ एअर फिल्टरमध्ये गच्च बसते.

अंगणातले काम

काम उघड्यावर, सावलीत करावे. जवळ चूल, दिवा, विडी काहीही नको. लहान मुलांना दूर ठेवावे. एक जुने स्टीलचे ताट घ्यावे आणि काढलेला प्रत्येक भाग काढलेल्या क्रमाने त्यात मांडावा. घरात मोबाईल असेल तर खोलताना फोटो काढून ठेवावेत.

कॉक बंद करून नळी काढावी. वरचे झाकण फिरवले की केबलला लावलेली स्लाइड सुईसकट बाहेर येते. तिला धक्का लागू देऊ नये. कार्बोरेटर सुटल्यावर आधी बाहेरून ब्रशने स्वच्छ करावा, नाहीतर बाहेरची माती आत जाते. वाटीचे स्क्रू मऊ असतात. स्क्रूड्रायव्हर खाचेत अचूक बसणारा घ्यावा आणि दाबून फिरवावा. खाच गेली की अर्ध्या तासाचे काम दिवसभर पुरते.

फ्लोटची पिन हलकेच काढून फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर फ्लोट फुटला आहे. सुईच्या टोकावर झिजून गोल रेघ उमटली असेल तर सुई बदलावी. मग दोन्ही जेट काढून सूर्याच्या दिशेला धरावेत. भोकातून प्रकाशाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. आमच्या स्लो जेटमधून काहीच दिसले नाही! पण म्हणून जेटमध्ये टाचणी किंवा तार घालू नये. जेट पितळेचा असतो, भोक मोठे झाले की माप कायमचे बिघडते. जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवावा किंवा कार्बोरेटर क्लीनर मारावा आणि हवेचा झोत द्यावा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर यासाठी उत्तम. झोत देताना डोळे जपावेत आणि रबरी वॉशर आधीच काढून ठेवावेत, क्लीनरने ते फुगतात.

हवेच्या स्क्रूची एक शिस्त आहे. काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत फिरवून किती वेढ्यांनी बसतो ते मोजून लिहून ठेवावे. बसवताना तळाला टेकवून तेवढेच वेढे मागे घ्यावेत. जोर लावला तर टोक मोडते.

वाटीचे गॅस्केट, ओरिंग आणि फ्लोटची सुई यांचा संच मिळतो. दुकानात मॉडेलचे नाव आणि वर्ष सांगून तोच घ्यावा. "जास्त पिकअप मिळेल" म्हणून कोणी मोठ्या नंबरचा जेट देऊ लागला तर घेऊ नये. टू-स्ट्रोक गाडीत, म्हणजे राजदूत किंवा आरएक्स १०० मध्ये, पेट्रोल कमी पडणे त्याहून वाईट. इंजिन तापून पिस्टन जाम होतो.

जोडताना स्लाइडची खाच आतल्या खुंटीवर बसवावी आणि तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे ठेवावा. किक मारण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर फिरवून सोडावा. स्लाइड "खट्" करून खाली बसली पाहिजे. ती अडकली तर गाडी चालू होताच भरधाव सुटेल. मग इंजिन गरम करून हवेचा स्क्रू इंजिन सर्वांत मोकळे चालेल तेथे ठेवावा आणि रेसच्या स्क्रूने वेग कमी करावा. थोडे अंतर चालवून आल्यावर प्लग कॉफीच्या रंगाचा दिसला तर माप जमले. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी.

पेट्रोलही बदलले आहे

१९८५ मध्ये आलेली हीरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, १९८५ ते १९९६ या काळातली आरएक्स १०० या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जात नव्हते. आपल्या देशात २०२२ मध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या आणि वॉशर वेळोवेळी पाहावेत. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. एवढे केले तर निम्मा त्रास वाचतो. टाकी आतून गंजली असेल तर तीही धुऊन घ्यावी, नाहीतर साफ केलेला कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा तुंबेल.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले. तिथे बिघाड शोधायला वेगळी साधने लागतात. पण त्याआधीच्या असंख्य गाड्या आपल्या गावांत अजून धावत आहेत आणि त्यांचे काम एका ताटात मावते.

त्या दिवशी अंगणात जेट उन्हाकडे धरून पाहिला तो माझ्या मुलीने. ती तेव्हा नववीत होती. दोनदा हवा मारूनही ती "नाही दिसत" म्हणाली. तिसऱ्यांदा ओरडली, "दिसला!" गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. खर्च एका गॅस्केटचा आणि थोड्या पेट्रोलचा. आता गाडी कुरकुरली की शेजारची मुले आधी तिला बोलावतात आणि तीही आधी विचारते, "चोकवर चालते का?"

आपल्या घरीही अशी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक रविवार तिला द्यावा. मुलांना सोबत घ्यावे, मुलींना तर आवर्जून घ्यावे, आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हाती द्यावा.