घरची नोलिंग, शाळेची मराठी

रायगड किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी वसलेल्या कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे घरात 'नोलिंग', म्हणजे 'आपली भाषा', बोलतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली ही मिश्रभाषा, पोर्तुगीजांनी 1740 मध्ये हा प्रदेश सोडल्यावरही, आईच्या तोंडून मुलांकडे येत राहिली, ही साधी गोष्ट नव्हे. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज वळणाचे असले, तरी क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची तिची रीत मराठीचीच असल्याने शाळेतील मराठी वाक्यरचना तेथील मुलाला परकी वाटत नाही. मात्र नोलिंगमध्ये नामांना व्याकरणिक लिंग नसल्यामुळे 'तो मचवा', 'ती होडी' आणि 'ते जहाज' हा भेद त्याला नव्याने शिकावा लागतो.

घर आणि शाळा यांच्या भाषेतील हा फरक व्याकरणापुरताच राहत नाही; तो मुलाच्या विचार करण्यालाही भिडतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले, की मूल अडचण सोडवताना प्रथम मोठ्याने स्वतःशीच बोलते आणि पुढे तेच बोलणे मनात मुरून 'आंतरिक वाणी', म्हणजे विचाराचे साधन, बनते. बेरीज करताना 'हातचा एक' असे पुटपुटणारे मूल नेमके हेच करीत असते. ज्याच्या घरी 'हातचा' हा शब्द या अर्थाने कधी उच्चारलाच गेला नाही, त्याला गणित आणि शब्द ही दोन ओझी एकदम उचलावी लागतात. अशा वेळी त्याचे अडखळणे मंदबुद्धीचे लक्षण मानणे हा घोर अन्याय होय. शेजारच्या मुलाने बेरजेची तीच रीत नोलिंगमध्ये समजावली, तर शिक्षकाने त्यांना अडवू नये.