सहा नंबरचा बारेसी

इंटर मिलान या फुटबॉल क्लबनं दोघा भावांतल्या थोरल्या ज्युसेप्पेला घेतलं आणि धाकट्या फ्रांको बारेसीला नाकारलं. फ्रांको मग त्याच शहरातल्या एसी मिलानकडे गेला. १९७८ साली, अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत, तो सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये उतरला आणि १९९७मध्ये निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळला नाही.

ही निष्ठा सुखाच्या दिवसांपुरती नव्हती. १९८०मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आलं. संघ वर आला आणि १९८२मध्ये पुन्हा घसरला, या खेपेला मैदानावरच हरून. बारेसी राहिला. बाविसाव्या वर्षी कर्णधार झाला.

१९८७मध्ये आरिगो साक्की प्रशिक्षक म्हणून आले. तोवर इटलीत बचाव म्हणजे प्रत्येक आघाडीवीरामागे एक माणूस लावायचा आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा ठेवायचा. साक्कींनी चौघांची एक रेष आखली: तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी. तिची सूत्रं बारेसीकडे. समोरचा पास द्यायच्या बेतात असला की बारेसी झपकन पुढे सरकायचा, बाकीचे तिघेही त्याच्याबरोबर, आणि गोलकडे धावत सुटलेला आघाडीवीर ऑफसाइड! बारेसीचा हात तेव्हा वर गेलेलाच असायचा. अंगानं तो लहानखुराच, पण खेळ आधी वाचण्यात त्याच्या तोडीचा बचावपटू मी तरी पाहिलेला नाही. १९८७-८८च्या लीगमध्ये मिलाननं ३० सामन्यांत फक्त १४ गोल खाल्ले आणि विजेतेपद पटकावलं. १९८९ आणि १९९०ला लागोपाठ युरोपियन कप जिंकला.

मग इटलीकडून १९९४चा विश्वचषक. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याची स्पर्धा तिथेच संपायला हवी होती. १७ जुलैला पासाडेनाच्या भर उन्हात तो अंतिम सामन्यात उभा होता. कोस्ताकुर्ता निलंबित, समोर रोमारिओ आणि बेबेटो. १२० मिनिटं ब्राझीलला एकही गोल मिळाला नाही. पायांत गोळे आले होते, तरी इटलीची पहिली पेनल्टी त्यानंच घेतली. चेंडू बारवरून गेला. इटली ३-२नं हरली आणि बारेसी मैदानातच रडला.

त्या पेनल्टीवरून त्याला तोलणं मला अन्यायाचं वाटतं. हा सामना कधी पाहायला मिळाला, तर थेट पेनल्ट्यांवर जाऊ नका. आधीचा खेळ पाहा आणि चेंडू कुठेही असो, नजर सहा नंबरवर ठेवा.