‘फँड्री’तली काळी चिमणी

बाराव्या शतकात चर्मकार हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं आणि दोघा बापांना देहदंड झाला, ही बसवकल्याणची कथा आपल्या बीदर-कलबुर्गीकडे घरोघरी ठाऊक आहे. अशा मुलखात नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (2013) परका वाटायचं कारण नाही. परत बघा, पण या वेळी पशुपक्ष्यांवर नजर ठेवा.

कैकाडी घरातला जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ फिरतो. तिची राख वर्गातल्या, वरच्या जातीच्या शालूवर टाकली की ती मुलगी आपल्यावर भाळेल, ही त्याची भाबडी समजूत. चिमणी काही हाती लागत नाही. डुक्कर मात्र अख्ख्या गावादेखत धरावंच लागतं. ऐन धरपकडीत शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी थबकतात आणि डुक्कर निसटतं. पुढे मेलेलं डुक्कर नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. (जरा ठळकच झालंय, पण मला चालतं.)

हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्येही (1960) निष्पापपणाचं प्रतीक पक्षीच आहे. फरक इतकाच, की गोरी नायिका स्काउट अन्याय बाजूला उभी राहून बघते. जब्या तो स्वतः सोसतो, म्हणून त्याचा शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो.