घोड्यांच्या वाटेवरून व्हिएन्नाकडे

डॅन्यूब नदीच्या काठावर किलोमीटरचे फलक आहेत आणि त्यांची मोजणी मुखापासून उगमाकडे चालते. काळ्या समुद्राजवळच्या सुलिना गावी शून्य. जर्मनीच्या सीमेवरच्या पासाऊ शहरात हा आकडा २२२६ असतो, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येईपर्यंत तो १९२९ वर आलेला असतो. या दोन आकड्यांच्या मधून, नदीला फारसं न सोडता, युरोपातल्या सर्वांत लोकप्रिय सायकलमार्गांपैकी एक जातो. लांबी तीनशे किलोमीटरहून थोडी अधिक. बरीचशी वाट डांबरी, गुळगुळीत आणि मोटारींना बंद. आजूबाजूला डोंगर, किल्ले, मठ आणि द्राक्षमळे असूनही पायांना चढ म्हणून फारसा लागत नाही.

यामागचं गणित सोपं आहे. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नदी जेमतेम १३० ते १४० मीटर खाली उतरते, म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरसुद्धा नाही. पुण्याहून साताऱ्याला सायकलने जाताना खंबाटकीत दम टाकलेल्या माणसाला हा उतार उतार वाटणारच नाही. तरीही तो वाहणाऱ्या पाण्याच्या दिशेनं आहे आणि वाराही बहुधा पश्चिमेकडून, पाठीमागून येतो. म्हणून बहुतेक लोक पासाऊहून निघतात आणि व्हिएन्नाला पोचतात. उलट दिशेनं जाणारे कमीच.

ही सपाट वाट मुळात सायकलसाठी झालेली नाही. ती घोड्यांसाठी होती. वाफेचं इंजिन येण्याआधी प्रवाहाबरोबर खाली जाणं सोपं होतं. माल भरलेले सपाट तळाचे पडाव पाण्यावर सोडायचे आणि वल्ह्यांनी दिशा सांभाळायची. वरच्या बाजूच्या उल्म शहरात बांधलेले असे पडाव मुक्कामाला पोचले की ते मोडून त्यांचं लाकूड विकून टाकत, कारण रिकामा पडाव परत वर ओढून नेणं परवडत नसे. जो माल वर न्यायलाच हवा, त्यासाठी मात्र घोडे जुंपावे लागत. पडाव एकामागे एक बांधायचे, जाड दोर काठावर फेकायचा आणि तीस-चाळीस घोड्यांनी तो ओढत काठाकाठाने चालायचं. पुढे कडा आडवा आला की घोडे नावांत चढवून पलीकडच्या तीरावर न्यायचे आणि पुन्हा जुंपायचे. एवढी जनावरं एका लयीत ओढायची तर वाट पाण्याला लागून आणि सपाटच हवी. नदीकाठची ही वाट तशी राखली गेली होती.

१८२९ मध्ये व्हिएन्नात डॅन्यूबवरच्या आगबोटींसाठी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली बोट पाण्यात उतरली. १८५८ मध्ये व्हिएन्ना आणि लिंत्स ही शहरं रेल्वेने जोडली गेली. घोड्यांचं काम संपलं, पण वाट मोडली नाही. काठाची डागडुजी करायला आणि जलमार्गावर लक्ष ठेवायला ती लागतच होती. म्हणून ती सरकारी ताब्यात राहिली, तिच्यावर घरं उठली नाहीत आणि तिचा महामार्गही झाला नाही. १९८० च्या दशकात ती टप्प्याटप्प्यानं सायकलस्वारांना खुली झाली. नव्यानं जमीन घ्यायची वेळ फारशी आली नाही. गरज होती ती डांबराची, दिशाफलकांची आणि मोटारी बाहेर ठेवण्याच्या निर्णयाची.

प्रवास सुरू होतो तो तीन नद्यांच्या संगमावर. पासाऊला डॅन्यूबला एका बाजूनं आल्प्समधून येणारी, हिरवट दुधाळ पाण्याची इन मिळते आणि दुसऱ्या बाजूनं जंगलातून येणारी, काळसर पाण्याची इल्झ. काही अंतर हे तीन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात. नगरपालिकेच्या इमारतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. जून २०१३ मध्ये इथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं. १५०१ नंतर एवढा मोठा पूर शहरानं पाहिला नव्हता. काठाची वाट ही नदीचीच जागा आहे. पाणी चढलं की ती बंद होते आणि निघण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहणं हा इथल्या प्रवासाच्या तयारीचाच भाग आहे.

पासाऊनंतर खोरं अरुंद होतं आणि श्लोगेनपाशी नदी अचानक जवळजवळ पूर्ण उलटी फिरते. डोंगर उचलला जाण्याआधीपासून नदी इथे वळणं घेत वाहत होती. जमीन हळूहळू वर आली तशी नदी त्याच वळणात, कठीण खडकात खोल उतरत गेली. या वळणात डाव्या काठावर थोडं अंतर वाटच नाही. डोंगर थेट पाण्यात उतरतो. तिथे सायकली छोट्या बोटीत चढवाव्या लागतात आणि बोट काठाकाठानं पुढे नेऊन सोडते.

पुढे लिंत्स हे औद्योगिक शहर ओलांडलं की माउथहाउझेन येतं. गाव नदीकाठी नीटनेटकं आहे, पण त्याच्या वरच्या टेकडीवर नाझींनी ऑगस्ट १९३८ मध्ये छळछावणी उघडली. ५ मे १९४५ रोजी तिची मुक्तता होईपर्यंत सुमारे १ लाख ९० हजार माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांमध्ये कोंडली गेली. त्यातली किमान ९० हजार मेली. कैद्यांना ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन खाणीतून १८६ पायऱ्या चढायला लावत. आज तिथे स्मारक आणि संग्रहालय आहे. काठाची वाट सोडून वर जायचं तर खराखुरा चढ चढावा लागतो. बरेच सायकलस्वार तो चढतात आणि चढायला हवा.

त्यानंतरचं ग्राइन एके काळी नावाड्यांचं धाकाचं ठिकाण होतं. नदीतले खडक आणि भोवरे इथे पडाव गिळत आणि वाटाड्याशिवाय कोणी पुढे जात नसे. खडक पुढे सुरुंगांनी उडवले आणि १९५९ मध्ये खाली इब्स-पेर्झेनबॉइगचा वीजप्रकल्प पूर्ण झाल्यावर पाणी शांत झालं. अशी धरणं आता सायकलस्वारांच्याही कामाची आहेत. त्यांच्या भिंतीवरून वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. डावा काठ घ्यायचा की उजवा, हा या मार्गावरचा रोजचा प्रश्न असतो.

मेल्कला पोचलं की खडकावर पिवळा-पांढरा प्रचंड मठ दिसतो. बेनेडिक्टाइन पंथाचे साधू इथे १०८९ पासून आहेत. आजची बरोक वास्तू याकोब प्रांडटाउअर या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार १७०२ ते १७३६ या काळात उभी राहिली. मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा टप्पा म्हणजे वाखाऊ. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, ते आगगाडीनं येऊन फक्त एवढाच भाग करतात. २००० मध्ये युनेस्कोनं वाखाऊला जागतिक वारसा यादीत घेतलं.

इथे उभ्या उतारावर चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत. त्या भिंतींनी पायऱ्या पाडल्या आहेत आणि त्या पायऱ्यांवर द्राक्षं लावली आहेत. भिंत ढासळली की दगड पुन्हा हातानेच बसवावा लागतो, कारण यंत्र तिथे चढत नाही. खाली सपाटीवर जर्दाळूच्या बागा आहेत. आपल्याकडे सुक्या मेव्यातलं हे फळ इथे जुलैमध्ये झाडावरून थेट रस्त्याकडेच्या टेबलावर येतं. वाखाऊच्या जर्दाळूला १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. पिठाच्या पारीत अख्खं जर्दाळू भरून उकडायचं आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचं, हा इथला हंगामी पदार्थ.

श्पिट्झ गावाच्या धक्क्यावर एक जुनी सोय अजून रोज चालते. दोन्ही तीरांच्या मध्ये, नदीवर उंच, एक पोलादी दोर ताणलेला आहे. त्यावर कप्पी धावते आणि कप्पीपासून खाली आलेल्या दोरांना नाव बांधलेली असते. मोटारी, सायकली, माणसं चढली की नावाडी सुकाणू फिरवून नाव प्रवाहाशी तिरकी करतो. पाणी तिला खाली ढकलू पाहतं, दोर तिला सोडत नाही आणि त्या दोन ओढींमधून नाव आडवी सरकत पलीकडच्या आर्न्सडोर्फला लागते. परतीला सुकाणू उलट बाजूला फिरवायचं. इंजिन नाहीच, त्यामुळे नदीच्या मधोमध कप्पीची घरघर आणि बाजूला आपटणारं पाणी एवढंच ऐकू येतं. पलीकडचा उजवा काठ अधिक शांत आहे, कारण मोठा हमरस्ता डाव्या काठानं जातो.

डाव्या काठावर श्पिट्झच्या थोडं आधी विलेनडोर्फ लागतं. १९०८ मध्ये इथे रेल्वेमार्गाच्या कामाबरोबर झालेल्या उत्खननात चुनखडीत कोरलेली, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली. ती सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची मानतात. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. पुढच्या ड्यूर्नश्टाइनला गावावर पडका किल्ला आहे. तिसऱ्या क्रुसेडवरून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि त्याला या किल्ल्यात कोंडलं गेलं. त्याच क्रुसेडमध्ये एकर शहराच्या वेढ्यात त्यानं ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड याचा अपमान केला होता, त्याची ही भरपाई. रिचर्डच्या सुटकेसाठी मोजलेल्या चांदीतून ड्यूकनं व्हिएन्नाचा तट वाढवला आणि वीनर नॉयश्टाट हे नवं शहर वसवलं. आज ड्यूर्नश्टाइनखालून हमरस्ता बोगद्यानं जातो. मोटारी जमिनीच्या पोटात आणि सायकली वर फरसबंदी गल्लीत, अशी ही वाटणी आहे.

हे खोरं असंच राहणार होतं, असं मात्र नाही. १९७० च्या दशकात वाखाऊमध्येही वीजप्रकल्पाचा आराखडा पुढे आला होता. रहिवाशांनी एकत्र येऊन तो रोखून धरला. क्रेम्सच्या पुढे, उजव्या काठावर त्स्वेन्टेनडोर्फची अणुभट्टी लागते. ती बांधून पूर्ण झाली होती, पण नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के मतदारांनी नकार दिला आणि ती कधी सुरूच झाली नाही. तिच्यापासून काही किलोमीटरवर टुल्न आहे, चित्रकार एगॉन शीलेचं जन्मगाव.

हा प्रवास करायला खेळाडू असावं लागत नाही. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर केले तर आठवडाभरात व्हिएन्ना येतं. सायकली पासाऊला भाड्यानं मिळतात, बॅगा पुढच्या मुक्कामाला पोचवणाऱ्या सेवा आहेत आणि काठानं जाणाऱ्या आगगाड्यांमुळे थकलेल्याला मध्येच टप्पा गाळता येतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ चांगला, मात्र जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी होते. वाट सगळीकडे स्वतंत्र नाही. गावांतून आणि शेतरस्त्यांवरून जाताना मोटारींशी गाठ पडते, तिथे सावध राहावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांना ऑस्ट्रियात हेल्मेट सक्तीचं आहे. दारावर फांद्यांची जुडी टांगलेली दिसली की तिथे मळेवाल्याची स्वतःची वाइन मिळते. ही परवानगी सम्राट जोसेफ दुसरा यानं १७८४ मध्ये दिली. पण मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, म्हणून मळ्यातला मुक्काम दिवसाच्या शेवटी ठेवलेला बरा.

व्हिएन्नात वाट डॅन्यूब बेटावर येते. १९७२ ते १९८८ या काळात पुराचं पाणी वळवायला नवा कालवा खोदला आणि त्यातून निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांबीचं हे बेट झालं. शहरातले लोक तिथे पोहतात, पळतात, सायकली फिरवतात. ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी वाट पुढे पूर्वेकडे जाते, कारण ती फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या युरोवेलो-६ या मार्गाचा भाग आहे. व्हिएन्नाबाहेर ती पूरबांधावरून नदीकाठच्या जंगलात शिरते. डिसेंबर १९८४ मध्ये हाइनबुर्गजवळच्या याच जंगलात धरणासाठी झाडं तोडायला माणसं आली, तेव्हा हजारो नागरिकांनी कडाक्याच्या थंडीत तिथेच तळ ठोकला. सरकारला काम थांबवावं लागलं आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. सायकलस्वार त्या उद्यानातून हाइनबुर्गच्या पुलापर्यंत येतात, नदी ओलांडतात आणि थोड्याच वेळात स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हाला पोचतात.