खाली पाहणारा दिवा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जो पथारीचा व्यापार चालतो, त्यात कुलपांविना किल्ल्या आणि काट्यांविना घड्याळे यांच्या शेजारी क्वचित एखादा असा दिवा पडलेला आढळतो की, तो कशाचा हे विकणाऱ्यालाही सांगता येऊ नये. पत्र्याचे गोल, पाठीमागे निमुळते होत गेलेले कवच; समोर काच आहे, पण तिच्या कपाळावर पत्र्याचे झापड असे पुढे आलेले की, उभ्याने पाहणाऱ्याला काच दिसतच नाही, ती पाहावयाची तर गुडघे टेकून वाकावे लागते. वर शेवाळी हिरवा रंग, त्याखाली हिरव्याचाच आणखी एक थर, आणि जिथे हे दोन्ही उडाले तिथे तांबूस गंज. हा सैन्याच्या मोटारगाडीचा ब्लॅकआउट दिवा होय. माझ्या एका मित्राने असा एक दिवा विकत घेऊन तो आपल्या जुन्या, डिझेल इंजिनाच्या महिंद्रा जीपवर बसविण्याचे मनावर घेतले आणि त्या खटाटोपात मी साहाय्यक म्हणून सामील झालो. तेव्हापासून ह्या जातीच्या दिव्यांविषयी मला जे ममत्व उत्पन्न झाले, तेच ह्या लेखाचे कारण.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रात्रीच्या रस्त्याची अडचण मोठी विलक्षण होती. फौज हलवायची ती रात्री, कारण दिवसा वरून विमाने टेहळणी करीत. आणि रात्री गाडी हाकायची तर रस्ता दिसला पाहिजे, पण रस्त्यावर पडलेला उजेड वरच्या वैमानिकाला दिसता कामा नये. संपूर्ण अंधार राखला तर ट्रक दरीत जातो, आणि उजेड थोडासा जरी मोकळा सोडला तरी सबंध तांडा शत्रूच्या दृष्टीस पडतो. ह्या पेचातून त्या काळच्या कारागिरांनी जी वाट काढली, ती केवळ दिवा मंद करण्याची नव्हती. प्रकाशाची दिशाच बांधून टाकण्याची होती. उजेड पुढे जावा, खाली जावा, परंतु क्षितिजरेषेच्या वर त्याचा एक किरणही चढू नये, असा तो बंदोबस्त होता. जर्मनांनी मडगार्डावर लोखंडी टोपासारखा एकच दिवा बसविला. म्युनिकच्या नोव्हा-टेक्निक ह्या कंपनीच्या नावावरून त्याला नोटेक म्हणत. इंग्रजांनी मोठ्या दिव्यांना फटींचे मुखवटे चढविले. अमेरिकनांच्या जीपवर डाव्या मडगार्डावर झापडाचा दिवा आला, आणि झाडीतून जाताना तो फुटू नये म्हणून त्याच्याभोवती लोखंडी पट्टीची कमान आली.

त्या जीपच्या दिव्यांची एकंदर व्यवस्थाच अभ्यासण्यासारखी आहे. विलीज आणि फोर्ड ह्या दोन कारखान्यांनी मिळून युद्धाच्या मुदतीत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या, आणि त्यांचे पुढचे मोठे दिवे बिजागरीवर बसविलेले होते. हाताने फिरवायचा एक नट सैल केला की दिवा उलटा वळून इंजिनावर प्रकाश टाकी, म्हणजे अंधारात दुरुस्तीची पाळी आली तर कोणी कंदील धरून उभे राहण्याची गरज नव्हती. दिव्यांची कळही अशी की, ती ओढली की प्रथम फक्त ब्लॅकआउटचे दिवे लागत. त्यापुढे जाऊन मोठे दिवे लावायचे तर शेजारचा एक अडसर वेगळा दाबावा लागे. भेदरलेल्या किंवा पेंगुळलेल्या चालकाच्या हातून चुकूनही मोठा दिवा लागू नये, एवढी ही दूरदृष्टी.

परंतु सगळ्यांत बुद्धिमान तो मागचा दिवा. त्यात तांबड्या उजेडाचे चिमुकले ठिपके दोन जोड्यांनी मांडलेले असत. मागून येणारी गाडी सुमारे ६० फुटांच्या आत आली की चालकाला चारही ठिपके सुटे दिसत. ६० ते १८० फुटांच्या दरम्यान प्रत्येक जोडीतले दोन ठिपके एकमेकांत मिसळून दोनच दिसत. आणि त्याहून मागे पडला तर सगळे मिळून एकच. चार दिसले तर वेग कमी कर, एक दिसला तर वाढव, दोन दिसत राहिले तर ठीक चालले आहे. ना बिनतारी संदेश, ना हातवारे. माणसाच्या डोळ्याला दुरून दोन बारीक वस्तू वेगळ्या ओळखता येत नाहीत, हे जे नेत्राचे वैगुण्य, तेच येथे अंतर मोजण्याची दोरी झाले. मी हा दिवा रिकाम्या मैदानावर लावून, पावले मोजीत मागे जात, स्वतः पाहिला आहे, आणि चाराचे दोन होण्याचा तो क्षण मला आजही लख्ख आठवतो.

इंग्रजी पद्धतीचा असाच एक अवशेष आपल्याकडे रोज रस्त्यावर दिसतो, फक्त त्याचे कारण कोणी विचारीत नाही. लष्करी ट्रकच्या मागे आपली गाडी लागली की मागच्या आसाच्या मधोमध असलेला तो फुगीर गोळा, मोटारवाले ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो पांढरा रंगविलेला आढळतो. ट्रकच्या पोटाखाली एक बारीक दिवा असतो. बाकी सगळे दिवे मालवले तरी त्याचा उजेड त्या पांढऱ्या गोळ्यावर पडतो, आणि मागचा चालक तेवढ्या खुणेवर गाडी हाकतो. वरून पाहणाऱ्याला मात्र ट्रकच्या सांगाड्याखाली काय उजळले आहे, ते कळण्याचा संभव नाही.

हे दिवे बाजारात कसे आले, त्याचीही एक हकीकत आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणि आसामातून निघणाऱ्या लेडोच्या रस्त्यासाठी अमेरिकनांनी आणि इंग्रजांनी हिंदुस्थानात जो अफाट सरंजाम आणला, तो युद्ध संपल्यावर परत नेणे परवडणारे नव्हते. त्याची विल्हेवाट लावण्यासाठी सरकारला स्वतंत्र खाते उघडावे लागले. पुढे ते पुरवठ्याच्या खात्याला जोडले गेले, आणि ‘सप्लाइज अँड डिस्पोजल्स’ हे त्याचे नाव २०१७ साली ते खाते बंद होईपर्यंत चालले. त्या नावातला ‘डिस्पोजल’ हा शब्द मात्र दप्तरातून निघून थेट भंगारवाल्याच्या तोंडी बसला. ‘डिस्पोजलचा माल’ म्हटले की तो जाड, टिकाऊ आणि स्वस्त, असा अर्थ आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत रूढ होता. कॅनव्हासच्या पिशव्या, पाण्याचे डबे, बूट आणि जीपचे सुटे भाग सगळे त्याच नावाने विकले जात. १९४९ साली मुंबईत माझगावला विलीजच्या जीपगाड्या जोडण्यास महिंद्रांनी प्रारंभ केला, तेव्हा ह्या डिस्पोजलच्या मालाला कायमचे घरच मिळाले. कारण देशी जीप ही त्याच कुळातली, आणि मोठ्या दिव्याची सात इंची गोल चौकट तर पिढ्यान् पिढ्या तीच राहिली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यावर दिव्याचे स्क्रू हलले, आणि कवच उघडले तेव्हा आत रबराचे पॅकिंग लाकडासारखे कडक झालेले, पितळी होल्डरवर हिरवट कळा आलेली, पण रिफ्लेक्टर, बाहेरच्या गंजाच्या मानाने, आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ. होल्डर पॉलिश पेपरने घासून लख्ख केला, पॅकिंग सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कातरून काढले. खरा प्रश्न विजेचा होता. महायुद्धातली जीप ६ व्होल्टची, त्यानंतरच्या बहुतेक लष्करी गाड्या २४ व्होल्टच्या, आणि आपल्या घरगुती गाड्या १२ व्होल्टच्या. आमच्या दिव्यातला मूळ बल्ब २४ व्होल्टचा होता. तो जीपच्या बॅटरीला जोडून पाहिला, तेव्हा निखाऱ्यासारखी नारिंगी तार तेवढी दिसली. कारण व्होल्ट अर्धे झाले की तारेच्या बल्बाचा प्रकाश अर्धा होत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ह्याच्या उलट, १२ व्होल्टचा बल्ब २४ ला जोडला तर तो एकदाच चमकतो आणि संपतो.

बल्ब बदलणे सोपे. त्याच बुडाचा १२ व्होल्टचा बल्ब कोणत्याही दुकानी मिळतो. परंतु येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेवढ्याच वॅटचा बल्ब निम्म्या व्होल्टवर चालवायचा तर प्रवाह दुप्पट लागतो: २१ वॅटच्या बल्बाला २४ व्होल्टवर पाऊण अँपियरहून थोडा अधिक, तर १२ व्होल्टवर पावणेदोन. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीचा दिवा बाराला आणताना त्याची जाड तार उरते, पण २४ चा बाराला आणताना तीच बारीक तार अपुरी ठरू शकते. आमच्या वायरमनने दिवा हातात घेऊन, तार दोन बोटांत चुरगाळून, पहिले वाक्य उच्चारले ते हेच: “साहेब, आधी तार बघा, बल्ब मागून बघू.” दुसरे वाक्य त्याहून मोलाचे होते. मित्राची इच्छा आत ५५ वॅटचा हॅलोजन घालावा अशी होती, त्यावर तो म्हणाला, “डबी भाजेल.” तो खरे बोलत होता. हे कवच थोड्या वॅटसाठी घडविलेले. त्यात मोठा बल्ब कोंडला तर रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो, पॅकिंग वितळते आणि पहिल्या पावसात आत पाणी शिरते. एलईडीचा बल्बही आम्ही लावून पाहिला. तो थंड राहतो हे खरे, पण त्यातल्या उजेडाची जागा जुन्या तारेच्या जागेपासून किंचित सरकलेली असते, आणि रिफ्लेक्टरच्या केंद्रापासून एकदोन मिलिमीटर सरकलेला उजेड भलतीकडेच उधळतो. शेवटी २१ वॅटचा साधा बल्ब, नवी जाड तार, डाख दिलेले थिंबल, ५ अँपियरचा फ्यूज, आणि चेसिसवर रंग खरवडून घेतलेला स्वतंत्र अर्थ एवढ्यावर काम पुरे झाले. दिवा बंपरवर, जमिनीच्या जवळ बसविला.

त्याचा खरा गुण कळला तो पावसाळ्यात, ताम्हिणी घाटात. सह्याद्रीत आषाढ-श्रावणात धुके उतरते तेव्हा मोठे दिवे लावावेत तर समोर दुधाची भिंत उभी राहते. कारण वर चढलेला उजेड धुक्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. आम्ही मोठे दिवे मालवून हा एकटा दिवा लावला. उजेड थोडाच, पण तो झापडाखालून सपाट निघून रस्त्याच्या अंगावरून सरकत गेला. डोळ्यांच्या पातळीवर काळोख कायम राहिला, आणि त्या काळोखाखाली रस्त्याची पांढरी कड व साचलेल्या पाण्याची चकाकी बऱ्याच पुढपर्यंत स्पष्ट दिसू लागली. विमानापासून लपण्यासाठी बसविलेले ते झापड येथे धुक्यापासून वाचविण्याच्या कामी आले. धुक्याच्या दिव्याचे म्हणून जे तत्त्व आज पुस्तकांतून सांगितले जाते, रुंद, खालचा आणि वरून धारदार कापलेला झोत, ते ह्या गंजक्या डबीत आयते हजर होते.

त्याच घाटात उलट दिशेने येणाऱ्या एका गाडीच्या टपावर एलईडीची लांबलचक पट्टी लावलेली होती. वळणावर ती समोर आली तेव्हा आम्हांला गाडी जागीच थांबवावी लागली, आणि डोळ्यांपुढची तिरीप जाईपर्यंत डाव्या हाताला दरी किती अंतरावर आहे, हे आम्हां दोघांपैकी एकालाही सांगता आले नसते. आडरस्त्याच्या गाडीला अधिक उजेड हवा, ही हौस मला कळते. पण समोरच्याला आंधळे करणारा उजेड हा रस्त्यावरचा अपराध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याचेही तेच म्हणणे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढे झोत टाकणाऱ्या स्पॉटलाइटला, नोंदणी अधिकाऱ्याची विशेष परवानगी असल्याविना, मनाई आहे, आणि दिव्याने समोरच्या माणसाचे डोळे दिपू नयेत अशी तरतूदही आहे. त्याच नियमांनी शेवाळी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरता राखून ठेवला आहे. म्हणून आम्ही दिव्याचे हिरवे थर खरवडून त्याला काळा रंग दिला. हिरवा रंग पुसताना मित्राला वाईट वाटले, पण तसे करणेच योग्य होते.

ज्या वाचकांच्या हाती असा दिवा येईल, त्यांना एक विनंती आहे. उजेड कमी पडतो म्हणून पुष्कळ लोक पहिला घाव झापडावर घालतात, आणि कापलेले झापड पुन्हा जोडता येत नाही. त्याआधी आपल्या गाडीच्या मोठ्या दिव्यांकडे पाहा. आमच्या जीपमध्ये बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते आणि मोठ्या दिव्याच्या होल्डरवर १०.९; मधले जवळपास पावणेदोन व्होल्ट जुनाट कळ आणि बारीक तार गिळीत होती, आणि त्यापायी जवळजवळ ४० टक्के प्रकाश वाया जात होता. रिले बसवून बॅटरीपासून जाड तार सरळ नेली, तेव्हा तो परत मिळाला. तेव्हा आधी मीटर घेऊन दोन्ही जागी व्होल्ट मोजा, तार बदला, अर्थ घासून बसवा. आणि झापड आहे तसे राहू द्या.