अष्टपाद : एक बुद्धिमान् जलचर

मनीषनगरांतील आमच्या बालवाचकांस समुद्राचें दर्शन क्वचितच घडतें. नागपुराहून मुंबईचा किनारा रेल्वेच्या मार्गानें ८०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि त्या किनाऱ्याच्या खडकांत ओहोटीच्या वेळीं जीं डबकीं राहतात, त्यांत कधीं कधीं आढळणाऱ्या एका विलक्षण प्राण्याची ओळख येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा प्राणी म्हणजे अष्टपाद अथवा ऑक्टोपस होय.

पावसाळ्यांत दिसणारी गोगलगाय ही याची दूरची आप्त; परंतु यास शंख नाहीं आणि हाडहि नाहीं. डोक्याभोंवतीं आठ बाहू, त्यांवर चोषकांच्या रांगा व मध्यभागीं पोपटासारखी कठीण चोंच. ही चोंच शिरेल एवढ्या फटींतून त्याचें सारें शरीर निसटूं शकतें. त्यास हृदयें तीन असून, रक्तांत लोहाऐवजीं तांबें असल्यामुळें तें निळसर दिसतें. त्वचेंतील रंगपेशी आकुंचित अथवा प्रसृत करून तो क्षणांत खडकासारखा होतो. तरीहि शत्रूनें गांठलेंच, तर काळी शाई सोडून पळ काढतो.

परंतु खरें नवल त्याच्या बुद्धीचें आहे. त्याच्या सुमारें ५० कोटि मज्जापेशींपैकीं दोन-तृतीयांश बाहूंत असतात. जणूं प्रत्येक बाहू स्वतःच चांचपून निर्णय घेतो. इंडोनेशियाच्या समुद्रांत एक अष्टपाद टाकलेल्या करवंट्या पोटाखालीं धरून नेतो व संकटसमयीं त्या जुळवून आंत लपतो, असें शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें. ही जाति भारताच्या समुद्रांतहि आहे. वाहून नेतांना करवंटीचा उपयोग कांहीं नाहीं, उलट चाल मंदावते; म्हणजे उद्यांची तरतूद तो आज करतो! न्यूझीलंडांतील एका मत्स्यालयांतून २०१६ सालीं इंकी नांवाचा अष्टपाद सांडपाण्याच्या नळांतून थेट समुद्रांत पळाला.

हें सारें तो शिकतो कोणापासून? माता अन्न वर्ज्य करून अंड्यांची राखण करते व पिलें बाहेर पडतांच मरण पावते. बहुतेक जातींचें आयुष्य एक-दोन वर्षांचें. गुरु नाहीं, माता नाहीं. तरी तो शिकतो.

ज्यास कणा नाहीं त्यास वेदना नाहीं, असें मानण्याची आपणांस संवय आहे. ब्रिटननें मात्र २०२२ च्या कायद्यानें अष्टपादास संवेदनशील प्राण्यांत गणिलें. पालकांस आमची विनंती एवढीच, कीं सुटींत मुलांस किनाऱ्यावर न्याल तेव्हां डबकें काठीनें ढवळूं देऊं नये, व उलटलेला दगड पूर्ववत् ठेववावा. तें कोणाचें तरी घर असतें.